पंजाबरावांची होडी पैलतीरी जाते

“माह्या पोराचं जावळ पैलतीरावरच्या देवीपुढंच निंघन, अन् तेबी भर पुरात! गाडीनं तं कोनीबी जाते. आपुन शिडाच्या होडीतून जाऊ!”

पंजाबरावांनी ही घोषणा केली तेव्हा मनकर्णा वर्षाच्या गोवर्धनला मऊ भात भरवत होती. नवऱ्याचं बोलणं ऐकून घास हातातच राहिला. गोवर्धनने तो तिच्या बोटांसकट खाल्ला.

तसं पाहिलं तर चूक एकट्या पंजाबरावांची नव्हती. चूक अमेरिकेची होती! तिकडे लढाई जुंपली, विलायतेच्या गिरण्यांना कापूस मिळेना, आणि इकडे वऱ्हाडात ज्याच्या वावरात कापसाच्या चार पऱ्हाट्या, त्याला शिंगं फुटली. वलगावच्या जानरावांनी तर गाडीच्या चाकांना चांदीच्या पट्ट्या ठोकल्या. पट्ट्या झिजतील म्हणून गाडी गोठ्यातच उभी, आणि जानराव अमरावतीच्या बाजाराला पायी! पण नाव झालं ते झालंच. तेव्हापासून पंजाबरावांना अन्न गोड लागत नव्हतं.

मग ते कापूस घेऊन मुंबईला गेले आणि येताना एका गोऱ्या साहेबाची सफरीची जुनी होडी घेऊन आले. आगगाडी तेव्हा भुसावळापर्यंतच होती. पुढे दोन गाड्या जोडून, आठ बैल लावून, ही बया ऐन ज्येष्ठात वलगावच्या वेशीत येऊन अडकली. वेस पाडायची की डोलकाठी कापायची, यावर पंचांचा अख्खा दिवस गेला. डोलकाठी आडवी करता येते, हे संध्याकाळी एका म्हशीला वाट करून देताना कळलं.

होडी अंगणात उतरली. मनकर्णाने आत वाकून पाहिलं. तळाच्या फटीतून तिला खाली बसलेली कोंबडी दिसली. कोंबडीलाही ती दिसली असावी, कारण दोघी सारख्याच दचकल्या.

“काय रे बावा,” सासूबाई, म्हणजे माणिकबाई, कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, “हा डोंगा हाय का चाळनी?”

“होडी म्हन माय, होडी! साहेब यातून थेट गोव्यापरयंत जाये!”

“मंग वापस येतानी काहून इकली त्यानं?”

पंजाबरावांना एकदम बैलांना पाणी दाखवायची आठवण झाली.

दुरुस्तीला नत्थुजी सुतार आला. उभ्या जन्मात त्याने गाडीशिवाय दुसरं काही दुरुस्त केलं नव्हतं. तो होडीभोवती तीन वेळा फिरला, खाली शिरला, बाहेर आला आणि गंभीरपणे म्हणाला, “पाटील, याचा आस चोरीले गेला.”

शिडाची तर चाळण झाली होती. त्यावर ठिगळं लावायला पंजाबरावांनी बैलांच्या आरसेजडित झुली फाडल्या. पोळा तोंडावर आलेला! त्या वर्षी त्यांचे बैल मारुतीपुढे उघड्या अंगाने उभे राहिले, आणि मालकाकडे असे पाहत होते की मनकर्णाने मान खाली घातली.

पण तिचं लक्ष झुलीत नव्हतं, फटीत होतं. याच फटींवर बसून तिचं पोर पेढी नदीच्या पुरात जाणार होतं!

“पुराचे दिवस जाऊ द्या ना,” ती रोज म्हणे. “माघात जाऊ. गुडघाभर पानी राह्यते.”

“गावभर सांगून बसलो ना मी! जानराव काय म्हनन?”

जानराव काय म्हणतील यापुढे पोराचं काय होईल, हा प्रश्न फारच किरकोळ होता. मनकर्णाने पदर खोचला. पोर बसणारच असेल, तर एकेक फट मी स्वतः बुजवीन! होडी विकणाऱ्याने सांगितलं होतं म्हणे: फटीत कापूस कोंबायचा, वरून राळ फासायची, रोज पाणी मारायचं. लाकूड फुगलं की थेंब आत येत नाही.

आता कापूस आणायचा कुठून? हसू नका. त्या वर्षी वऱ्हाडात कापूस सोडून सगळं मिळत होतं! घरातला सगळा विकलेला. समईच्या वातीसाठीसुद्धा माणिकबाई जुनी उशी उसवत होत्या. राहिला होता फक्त माळ्यावरचा, पुढच्या पेरणीसाठी ठेवलेला बेण्याचा कापूस. तोही सरकीसकट. सरकी काढणाऱ्या बाया तिप्पट मजुरीवर अमरावतीला पळालेल्या!

“घे व माय,” माणिकबाई गाठोडं सोडत म्हणाल्या. “नातवापरीस बेनं मोठं हाय काय?”

“पन याच्यात सरकी हाय, आत्याबाई.”

“राहू दे. सरकीनं तं उलट फट घट्ट होते.”

गावात राळही नव्हती. “राळ नसन तं शेन हाय!” असं म्हणून माणिकबाईंनी स्वतः वरून शेणमातीचा हात फिरवला. आठ दिवस सासवा-सुना होडीला चिकटल्या होत्या. मनकर्णाने प्रत्येक फटीत दुप्पट कापूस कोंबला. मागच्या फळीखाली, जिथे गोवर्धनला घेऊन बसायचं होतं, तिथे तर तिप्पट! वर ओलं गोणपाट झाकलं. मग सकाळ-संध्याकाळ एका कडेवर गोवर्धन, दुसऱ्या कडेवर घागर. पोराचं जावळ वाढून डोळ्यांत येत होतं, ते बाजूला सारायचं, घागर गोणपाटावरूनच ओतायची, पुन्हा विहीर. पाठीचा काटा ढिला झाला. ओतताना ती मनात म्हणे, ‘देवीमाय, पोराले पान्यात नको नेऊ. अन् न्यायचंच असन तं फटी पक्क्या ठेव.’ देवीने बिचारीने यातलं ऐकायचं तरी कोणतं!

पोळा झाला. पेढीला पूर आला. पंजाबराव नवा फेटा बांधून तयार. डफडं आलं, नारळ आला, अख्खा गाव आला. होडी तशीच झाकलेली बैलांनी नदीवर ओढत नेली. जानराव सर्वांच्या पुढे उभे होते, तेही पायी आलेले.

“पाहा आता!” पंजाबरावांनी गोणपाट ओढलं.

डफडं थांबलं.

नाकापासून शेपटीपर्यंत, आतून बाहेरून, होडीला हिरवेगार कोंब फुटले होते! दोन-दोन पानं उघडून सगळे एका ओळीत, पंगतीला बसल्यासारखे! शेण लावलेली सरकी, ओलं गोणपाट, आठ दिवस. बेणं कसं उगवतं हे वऱ्हाडात रांगतं पोरही सांगेल. वावर असतं तर सगळ्यांना कळलं असतं. पण ती होडी होती ना!

सर्वांत आधी जानराव बोलले. “पंजाबराव, तन काढायले डवरा आनू काय? एक पाळी देऊन मंग सोडा पान्यात!”

गाव हसून लोळायला लागला. माणिकबाई मात्र वाकून एकेक ओळ निरखत होत्या. “पंजाब,” त्या म्हणाल्या, “तुह्या वावरात कधी इतक्या सरळ ओळी नाई आल्या रे.”

“उपटा!” पंजाबराव ओरडले. “नत्थुजी, सगळं उपटा!”

उपटलं. प्रत्येक कोंब जाताना आपल्या मुळाशी कापसाचा बोळा घेऊन गेला. सरकी फुगून फळ्या आधीच एकमेकींपासून रुसल्या होत्या. आता फटीतून कोंबडीच काय, बकरी दिसली असती.

“पाटील,” नत्थुजी कानाशी म्हणाला, “आता नका जाऊ.”

“काहून? लाकूड फुगलं हाय!” पंजाबरावांनी हात पुढे केले. “गोवर्धनची माय, आन पोट्टं!”

सगळा गाव मनकर्णाकडे पाहायला लागला. नवऱ्याला चारचौघांत नाही म्हणायचं तोंड तिला नव्हतं, आणि पोर द्यायचे हातही नव्हते. तिने त्याला छातीशी आवळलं.

“आदी तुमी जाऊन या,” ती म्हणाली. “तो झोपला हाय.”

गोवर्धन तिची नथ ओढत टकाटका बापाकडे पाहत होता.

“डोये तं उघडे हायेत त्याचे!”

“तो तसाच झोपते.”

“हो रे,” माणिकबाई म्हणाल्या. “तूबी तसाच झोपे. अजूनबी झोपते.”

पंजाबराव एकटेच चढले. चौघांनी ढकललं. वारा आला, झुलींचं शीड फुगलं, त्यातले आरसे उन्हात लखलखले, आणि खरं सांगायचं तर एक क्षण ती होडी इतकी देखणी दिसली की मनकर्णाही फटी विसरली. मग होडी कंटाळली. बुडायचीही तिला घाई नव्हती. दिवसभर राबलेली बाई भिंतीला टेकत टेकत बसते ना, तशी ती खाली बसली. पंजाबराव उभेच. पाणी गुडघ्याला, कमरेला, छातीला. मग होडीचं बूड गाळाला टेकलं आणि सगळं थांबलं. फेटा कोरडा होता.

“बुडली नाई!” छातीभर पाण्यातून त्यांनी जाहीर केलं. “थांबवली!”

उघड्या अंगाच्या बैलांनीच शेवटी मालकाला आणि होडीला बाहेर ओढलं. मालकाला ओढताना त्यांनी जरा जास्तच जोर लावला, असं मनकर्णाला वाटलं.

होडी गाळाने भरून अंगणात आली. पुन्हा कोणी तिला हात लावला नाही. मागच्या फळीखाली, जिथे नत्थुजीचा हात पोचला नव्हता, तिथलं मनकर्णाचं तिप्पट बेणं त्या गाळात असं माजलं, की पौषात होडीत बोंडं फुटली!

जावळ माघात निघालं. पेढीत घोट्याएवढं पाणी होतं. गाडी पैलतीरी गेली, चाकांना धड ओलही लागली नाही. देवीपुढे गोवर्धनचं गोटा डोकं पाहून मनकर्णाला कित्येक महिन्यांनी निवांत वाटलं. तिने समईत वाती घातल्या. त्या माणिकबाईंनी होडीतल्या कापसाच्या वळल्या होत्या.

तेवढ्यात देवळातल्या गुरवाने विचारलंच. “काय पाटील? होडीतून येनार होते ना तुमी? कुठी हाय होडी?”

पंजाबराव फेटा सारखा करायला लागले. मनकर्णाला इतका थकवा आला होता की खोटं सुचेना.

“आली ना,” ती वात सरळ करत म्हणाली. “थे काय, जळून राहिली.”

गुरवाने समईखाली वाकून पाहिलं. पंजाबरावांनीही पाहिलं. आणि हळूहळू त्यांचा चेहरा असा उजळला की समईची गरज उरली नाही.

येताना गाडीत ते ताठ बसले होते. “पाह्यलं, गोवर्धनची माय? गेलीच का नाई होडी पार? आता सांगतो जानरावले!”

“हो,” मनकर्णा म्हणाली. वाद घालायला अंगात त्राण नव्हतं. शिवाय त्या बोंडांतली सरकी माणिकबाईंनी पेरणीसाठी जपून फडक्यात बांधली होती, आणि ती पुन्हा एखाद्या होडीच्या फटीत जाऊ नये म्हणून पावसाळ्याआधी ते फडकं यांच्यापासून कुठे लपवायचं, हे अजून ठरायचं होतं.