खेळात हजर

मूल ही राष्ट्राची संपत्ती आहे, आणि संपत्तीची मोजदाद झाल्याशिवाय तिची काळजी घेता येत नाही. याच विचाराने १९८६ साली भिलाईच्या रिसालीतल्या मराठी मंडळाने बालछळ व बालउपेक्षा प्रतिबंधक संशोधन समिती नेमली. समितीत सगळे जाणते लोक होते. (मूल एकही नव्हतं. सभा त्यांच्या अभ्यासाच्या वेळी भरत.)

चिटणीसपद शामसुंदररावांकडे आलं, हे योग्यच झालं. रसमड्याच्या एका खासगी कारखान्यात ते सुरक्षा खात्याचे कारकून होते. अपघात कमी करण्यात त्यांचा हातखंडा होता, निदान कागदावर.

छळ कशाला म्हणायचं, यावर समितीचा सगळा उन्हाळा आणि पुष्कळ आलूबोंडे खर्च झाले. चापटीला छळ म्हणावं, तर समितीच रिकामी होत होती. अखेर शामसुंदररावांनी कारखान्यातला नियम सुचवला. जखमी कामगार दोन दिवस कामावर आला नाही, तरच अपघात. मुलांचं काम खेळणं. तेव्हा मार खाऊन जे मूल दोन दिवस खेळायला जाणार नाही, तेवढंच छळलेलं. सर्वांना हायसं वाटलं.

मग घरोघरी पाहणी झाली. मुलांना संकोच नको म्हणून प्रश्न आईवडिलांना विचारले. छळ निघाला शून्य. अहवाल छापायला गेला, रविवारी मंडळाच्या समारंभात समितीला मानाची ढाल मिळायची ठरली.

त्याच संध्याकाळी शामसुंदररावांची आठ वर्षांची नलू कान धरून पुढ्यात उभी राहिली.

"बाबा, मले देवराव मास्तरच्या ट्यूशनले नाही जायचं. सातचा पहाडा चुकला का कान पिरगाळते. लय दुखते."

"खेळाले गेली होती ना आज?"

"हो."

"मंग केस नाही बनत, बेटा."

देवराव मास्तर समितीचे सल्लागार होते. मुलांना इतक्या जवळून धरणारा दुसरा माणूस रिसालीत नव्हता.

नलू हुशार. दुसऱ्या दिवशी ती पायरीवर जाऊन बसली. समोरच्या मैदानातून मैत्रिणी ओरडल्या, "ए नलू, आ ना, तेरी बारी है!" ती हलली नाही. आई म्हणाली, "काय वं, कावून बसून राहिली?"

"केस बनवून राहिली."

दोन दिवस भरले तशी ती बापाकडे आली. "आता तरी मानता का, बाबा?"

शामसुंदररावांनी तिला जवळ घेतलं, आणि लगेच समितीची तातडीची बैठक बोलावली. अध्यक्ष विजयकुमार त्यांचेच साहेब. ते म्हणाले, "शामसुंदर, इतकी वर्षं सुरक्षेत काय करून राहिला बाबू? पाय मोडला माणसाचा, त आपण काय करतो?"

शामसुंदरराव ओशाळले. पाय मोडलेल्या माणसाला जीपने आणायचं, खात्यात खुर्चीवर बसवायचं, हजेरी लावायची. अपघात संपला.

नलूला उचलून मैदानाच्या कडेला खुर्चीवर बसवण्यात आलं. उलटलेल्या दिवसांचीही हजेरी लागली. (पायरीवरून मैदान दिसतं, म्हणजे ती खेळातच होती.)

"खेळून राहिली ना, बेटा?" साहेबांनी विचारलं.

"मी त बसून राहिली."

"बसून बी खेळता येते," असं म्हणत देवराव मास्तर पुढे झाले. नलूचा हात झटकन कानाकडे गेला. समितीने त्याची नोंद 'अभिवादन' अशी केली.

ट्यूशनची वेळ झालीच होती. मास्तरांनी तिला स्वतः नेलं. तिने एकदा वळून बापाकडे पाहिलं. शामसुंदररावांनी खुर्ची घडी करून ठेवली. (खुर्ची मंडळाची होती.)

रविवारी ढाल मिळाली. अहवालाची फार वाखाणणी झाली, आणि ती रास्त आहे. उणीव एकच राहिली. नलूचा कोणता कान दुखत होता, डावा की उजवा, हे त्यात नाही. समितीने विचारलं नाही, बापाने विचारलं नाही. आणि इथवर हसत आलेल्या तुम्हीही, सुज्ञ वाचकहो, विचारलं नाहीत.