मर्व्हचे बेडूकपंजे

मर्व्ह ट्रँटरने दोन्ही हातांत बेडकासारखे रबरी पंजे चढवले, दातांनी पट्टे आवळले, आणि मग त्याच्या लक्षात आले की चड्डीची नाडी बांधायची राहिली.

"नोलीन, जरा नाडी बांध ना."

"मी इथं घड्याळ धरायला उभी आहे," बायको कठड्यावरून म्हणाली. "चार लोकांत तुझ्या नाड्या बांधायला नाही."

समुद्राकाठी खडकात कोरलेल्या त्या तलावात ऑगस्टमधली, म्हणजे तिथल्या ऐन हिवाळ्यातली, ही शेवटची शर्यत. जिंकणाऱ्याला मटणाचा ट्रे मिळे, पण मर्व्हला हवा होता तो पोहण्याच्या क्लबातला विजेत्यांच्या नावांचा फळा. बिअर पिताना समोरच दिसणाऱ्या त्या फळ्यावर मेव्हण्याचे, क्लॅरीचे, नाव इतक्यांदा रंगवलेले होते की मर्व्हला बिअर कडू लागे. ती कडूच असते, पण तरीही.

"काय दाजी, पोहायचंय की अंडी घालायचीत?" क्लॅरीने विचारले.

"बंदी पायातल्या पंखांना आहे. हाताबद्दल नियमात अक्षर नाही!"

हे खरे होते. पण दुसरा एक नियम होता. इथे प्रत्येकाने आपल्याला लागणारा वेळ आधीच सांगायचा. संथ माणूस आधी सुटे, चपळ नंतर, म्हणजे शेवटी सगळे बरोबरीने भिंतीला टेकावेत. सांगितल्यापेक्षा लवकर पोहोचणारा लबाड ठरे आणि बाद होई. मर्व्हच्या वाटेला हा नियम आजवर कधी गेलाच नव्हता, त्यामुळे पंजे विकत घेतानाही तो त्याला आठवला नाही आणि वेळ त्याने नेहमीचाच सांगितला.

शिटी वाजली. मर्व्ह असा सुटला की कठड्यावरच्यांचे चहाचे कप ओठांशीच थांबले.

"हळू, मर्व्ह! लवकर पोहोचलास तर बाद होशील!" नोलीन ओरडली.

मर्व्हला ऐकू आले. पण हळू पोहावे तर मागून क्लॅरी येणार! त्याने दात आवळले आणि आणखी जोर लावला. हात पुढे गेले, चड्डी मागे राहिली. ती गुडघ्यांवर आली, मग घोट्यांत अडकली आणि पाण्याने फुगली. वर ओढायला बोटे हवीत, आणि बोटे रबरात. ओढाळ बैलाच्या गळ्यात लोढणे अडकवावे तशी त्याची गत झाली. क्लॅरी जवळ येत गेला. मर्व्हने पंजा लांबवला आणि क्लॅरीच्या आधी भिंतीला टेकला तो पंजाच.

नोलीनने घड्याळ पाहिले, पुन्हा पाहिले. "बरोब्बर! सांगितला होता तेवढाच!"

टाळ्या पडल्या. नोलीनने हाक मारली, "ये वर, बक्षीस घे!"

"मी इथंच बरा आहे."

"गारठून मरशील!"

तेवढ्यात एक लाट कठड्यावरून आली आणि जाताना घोट्यातली चड्डी घेऊन गेली.

"दाजी, तुमची चड्डी न्यूझीलंडला निघाली!" क्लॅरी किंचाळला.

टॉवेल गाडीत आणि गाडी टेकडीवर. पण फळ्याशेजारी लावायला विजेत्याचा फोटो काढायचा होता, आणि तो मर्व्ह कुणासाठी सोडणार नव्हता. ताठ मानेने तो पायऱ्या चढून आला, एक पंजा पुढे, एक मागे. क्लबाच्या अध्यक्षांनी ट्रे पुढे केला.

"क्लॅरी," मर्व्ह म्हणाला, "मटण तू धर. माझे दोन्ही हात कामात आहेत."