मूल एक, पिवळी टोपी एक

सुचिता मुलाखतीला निघाली आणि किहीमच्या त्या घरात नातवाचा ताबा कोणाकडे, यावरून सकाळी सकाळीच जुंपली.

"माज्याकडं. दुसऱ्या कुनाकडं?" वेणूबाई म्हणाल्या.

"तुजं ध्यान सुकटीवर," काळूराम गुरगुरले. "मांजर आलं की तू मांजरामागं, आनि पोर वाऱ्यावर."

काळूराम माजी हवालदार. फौजेत त्यांच्याकडे सामानाचं कोठार होतं. तिथे चमचासुद्धा सहीशिवाय हलत नसे. ती सवय इतकी मुरलेली, की शेजारणीने विळी मागितली तरी हे वही काढणार. मुलगा साहिलही फौजेत, पार वर बर्फात. त्याची बायको सुचिता लग्नाआधीपासून माणगावला बालवाडीत शिकवायची. ऋत्विक झाला आणि नोकरी सुटली. आता अलिबागला काही माजी सैनिकांनी जवानांच्या मुलांसाठी पाळणाघर काढलं होतं, आयांना कामावर जाता यावं म्हणून. तिथे प्रमुख हवी होती, तीही जवानाचीच बायको. पोर डोळ्यांसमोर आणि पगार हातात! सुचिताने या मुलाखतीसाठी साडीला दोनदा इस्त्री केली होती.

"आई, झोळीत झोपलाय तो. उठवू नका," एवढं बजावून ती गेली.

वेणूबाई अंगणात सुकट पसरत बसल्या. शेजारची अमिषा आपल्या चिरागला तिथेच सोडून पाणी भरायला गेली. चिरागही दीड वर्षाचाच. उन्हात त्याचं डोकं तापायला लागलं, म्हणून वेणूबाईंनी दोरीवरची ऋत्विकची पिवळी टोपी त्याला घातली. तेवढ्यात मांजर आलं. वेणूबाई मांजरामागे.

काळूराम बाहेर पडले ते नेमके तेव्हाच. नोव्हेंबर महिना, पेन्शनसाठी हयातीचा दाखला द्यायला बँकेत जायचं होतं. चष्मा बँकेसाठी पिशवीत जपून ठेवलेला. समोर पिवळी टोपी फाटकाकडे दुडुदुडु निघालेली दिसली.

"बगा! मी सांगत न्हवतो?" त्यांनी टोपी खालच्या ऐवजासकट उचलली.

रांगेत पोर घेऊन कसं उभं राहणार? नाक्यावर नीराबाई मासे विकत होती. काळूरामांनी वही काढून लिहिलं, 'मूल एक. पिवळी टोपी एक.'

"नातवाला सांबाळ. कर सही."

"आता पोराला पन सही?" नीराबाईने कपाळावर हात मारला, पण केली. ज्याच्याकडे पोर त्याच्याकडे वही, म्हणून वही तिथेच ठेवून काळूराम बँकेकडे गेले. मुंबईचं गिऱ्हाईक पापलेटावर घासाघीस करत होतं, पोराकडे बघते कोण! पोर मात्र कोळंबीच्या टोपलीत कोपरापर्यंत गेलं. गिऱ्हाईक नाक मुरडून निघून गेलं. तेवढ्यात चांगदेवची रिक्षा अलिबागला निघालेली तिला दिसली.

"भाऊ, सुचिताचं पोर हाय. ती तिकडं पाळनाघरात गेलीय, तिच्याकडं पोचव. आनि थांब, सही कर, न्हायतर हवालदार माजा जीव खाईल."

तिकडे मुलाखत रंगात आली होती. समोर निवृत्त सुभेदारसाहेब, मिशा टोकदार, प्रश्न त्याहून टोकदार.

"तुमचा मुलगा आत्ता कुठे आहे?"

"घरी, सासूबाईंपाशी. झोळीत झोपलाय."

"खात्री आहे?"

"अगदी."

दार उघडलं. खांद्यावर झोपलेलं पोर, नाकापर्यंत ओढलेली पिवळी टोपी, हातात वही. चांगदेव आत आला. "वयनी, तुमचा ऋत्विक. हितं सही करा."

सुचिता खुर्चीतून ताडकन उठली. टोपी तर तिनेच विणली होती!

सुभेदारांनी वही चाळली. "वा! ताबा दिला, ताबा घेतला. कोणाचं काम हे?"

"सासऱ्यांचं."

"चोख! पण बाई, मूल घरी आहे म्हणालात, आणि ते रिक्षाने गावभर फिरतंय. आमची चाळीस मुलं कशी सांभाळणार? करा सही, घेऊन जा. आम्ही कळवू."

'आम्ही कळवू'चा अर्थ कोणाला सांगायला लागत नाही. सुचिताचे डोळे भरून आले. तिने पेन घेतलं, सही करण्याआधी टोपी वर सरकवून पोराचं तोंड पाहिलं आणि पेन खाली ठेवलं.

"मी सही करणार नाही. हा माझा नाही."

"अहो, दोघांच्या सह्या आहेत!"

"दोनशे असू देत. हा शेजारच्या अमिषाचा चिराग आहे."

चांगदेवने पोर हातभर लांब धरून पहिल्यांदाच नीट बघितलं. "आयला!"

सुचिताने घरी फोन लावला. वेणूबाईंचा आवाज अख्ख्या खोलीत घुमला. "अगो, घात झाला! चिराग हरवलाय! अमिषा रडून अर्धी झाली, सगला गाव शोधतोय!"

"तो माझ्यापाशी आहे, सुखरूप. ऋत्विक कुठाय?"

"त्याला काय धाड भरलीय? झोळीत घोरतोय."

सुभेदारांनी वहीतल्या त्या दोन सह्या पुन्हा पाहिल्या. मग वही मिटून म्हणाले, "म्हणजे तुम्ही खरंच सांगत होता. सह्या करणाऱ्यांनी आणि मीही नुसता कागद बघितला. पोराचं तोंड तुम्हीच बघितलंत. सोमवारपासून या."

सुचिता मघाशी आवरलेलं रडू तिथेच रडली.

दुपारी चिराग आईच्या कडेवर गेला, पिवळी टोपी दोरीवर गेली. अमिषाने हवालदारांच्या सात पिढ्यांचा उद्धार अजून संपवला नव्हता, तोच काळूराम तणतणत घरी आले. पोर सुचिताकडे पाठवलं, एवढंच नाक्यावर नीराबाईने सांगितलं होतं; बाकी त्यांना यातलं काहीच ठाऊक नव्हतं.

"काय ती बँकेतली पोरगी! सही दिली, कागद दिलं, तरी ऐकंना. म्हनते, आजोबा, टोपी काढा, तोंड बघू द्या! फौजेतल्या मानसाच्या सहीवर इस्वास न्हाय म्हंजे काय?"

सुचिताने त्यांच्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवला.

"बाबा, त्या पोरीचं नाव काय? पाळणाघरात अजून एक जागा रिकामी आहे."