ट्रकच्या दारातली बाई

"अहो, क्लच प्लेटचं काय झालं?" बायकोने शेडमधून हाक मारून विचारलं, तेव्हा सॉर्टर ट्रकच्या उघड्या दाराशी भिंग धरून उभे होते. त्यांना प्रश्न ऐकूच आला नाही. दाराच्या आतल्या कडेला रिव्हेट मारून बसवलेली पत्र्याची पाटी होती, तिच्यावर अक्षरं आणि आकडे दाटीवाटीने ठोकलेले होते, आणि सॉर्टर त्या दाटीतून कुठल्या कुठे निघून गेले होते.

सॉर्टर हे काही त्यांचं नाव नव्हे. टपालखात्यात पत्रं निवडून वेगळी करण्यात उभी हयात गेली, म्हणून गल्लीने दिलेली ती पदवी. पाकिटावरचा आकडा दिसला की त्यांना ते गाव दिसायचं. नदी, पूल, पुलावरून सायकल ढकलत चाललेला पोस्टमन. त्यातल्या एकाही गावाला ते कधी गेले नव्हते, त्यामुळे सगळी गावं फार सुंदर होती. पाकीट उघडून आत डोकावायचं नाही, वर लिहिलंय तेच खरं, हा खात्याचा शिरस्ता त्यांच्या हाडीमाशी खिळला होता. निवृत्तीनंतर पाकिटं संपली आणि सॉर्टर घरात पाहुण्यासारखे वावरू लागले. तेवढ्यात बायकोने हा जुना ट्रक घेतला.

तिला तो रोपांसाठी हवा होता. नव्या इस्पितळाच्या बागेची सगळी रोपं रविवारी सकाळी पोहोचवायची होती. घरामागे नर्सरी थाटल्यापासून एवढं मोठं काम पहिल्यांदाच आलं होतं, आणि हे हुकलं तर पुन्हा कोणी दारात उभं करणार नाही, हे ती ओळखून होती. एकदा भाड्याच्या टेम्पोवाल्याने तिची रोपं आडवी रचून भर उन्हातून नेली होती, तेव्हापासून तिने कानाला खडा लावला होता. ट्रकचा फक्त क्लच गेला होता.

"साहेब, तेवढा पाटीवरचा नंबर वाचून ठेवा," मिस्त्री म्हणाला होता. "या जुन्या गाड्यांत क्लच वेगवेगळ्या मापांचे यायचे. नंबरावरून माप कळतं."

हे त्याने सॉर्टरना सांगायला नको होतं. सॉर्टरनी रद्दीवाल्याकडून त्या कंपनीचं जाडजूड कोडबुक मिळवलं आणि दुसऱ्या दिवसापासून त्यांना तहानभूक राहिली नाही. पहिलं अक्षर कारखान्याचं, पुढची इंजिनाची, मग क्लचचं, आणि खाली बारीक ठशात गिऱ्हाइकाने मागून घेतलेल्या जादा गोष्टींचे कोड.

"अगं, ही गाडी आकाशी रंगाची होती!" ते शेडमध्ये येऊन म्हणाले. उन्हाचे कवडसे रोपांवर हलत होते. "हीटर होता. धुक्यातले दिवे होते. सीट चार बोटं उंच करून घेतलेली, आणि चढायला जादा पायरी."

"आणि क्लच?"

"बुटकी असणार गं ती."

"कोण?"

"जिने गाडी मागवली ती. थंड गावातली. पहाटे धुक्यातून एकटी निघत असणार..."

"बाईच कशावरून? पुरुष बुटके नसतात? लांब कशाला जायला हवं?"

"काचेवर ऊन अडवायची झडप असते ना, तिच्यामागे तोंड बघायचा आरसा मागवलाय."

बायको पुन्हा रोपांकडे वळली. पण संध्याकाळी कुंड्यांत माती भरताना तिने, सहज विचारावं तसं विचारलं, "केस लांब होते का हो तिचे?"

"ते कोडमध्ये येत नाही," सॉर्टर हळहळले.

कोडाबरहुकूम क्लच प्लेट आली, सगळ्यात मोठ्या मापाची. मिस्त्रीने गिअरबॉक्स उतरवला, जुन्या प्लेटचा उरलेला भुगा झाडला, नवी प्लेट आत धरली, फिरवली, उलटी करून पाहिली. बसेना. दुकानदाराने ती बदलून त्याच कोडाची दुसरी पाठवली, तीही बसेना.

"कोड बरोबर असेल तर गाडी चुकीची आहे," मिस्त्री वैतागून म्हणाला.

"गाडी कशी चुकीची असेल?" सॉर्टर म्हणाले. दोघेही हसले, आणि शहाण्यासारखं काहीतरी बोलून गेल्याचा पत्ता मिस्त्रीला लागला नाही.

तिसरी प्लेट येईपर्यंत हातावर हात धरून कसं बसायचं? सॉर्टरनी आकाशी रंग आणला. गाडीला तिचा मूळ रंग मिळाला की तिला बरं वाटेल, असं त्यांचं म्हणणं. बॉनेट झालं, दारं झाली, आणि रंग संपला. पुढून आभाळ आणि मागून चिखल अशी ती गाडी उभी राहिली. सॉर्टर दुपारभर तिच्या सीटवर डोळे मिटून बसू लागले. काचेबाहेर त्यांना धुकं दिसायचं. बायकोला मात्र कॅलेंडर दिसत होतं.

शुक्रवारी तिसरी प्लेटही बसली नाही, तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "ती बाई राहू दे हो," ती म्हणाली. "मी पण आहे ना? माझं काम बुडतंय, ते दिसत नाही का तुम्हाला?"

सॉर्टरना ते आत कुठेतरी लागलं. पण तोवर तिने रोपांचा पाइप ओढत आणला, बॉनेट उघडलं आणि पाण्याची धार आत सोडली. राग कशावर तरी काढायचा होता. ग्रीसचे पापुद्रे गळून पडले आणि इंजिनामागच्या पत्र्यावर आणखी एक पाटी उघडी पडली. तिच्यावर नंबर होता. दारावरचा नव्हता, दुसराच होता.

मिस्त्रीने वाकून पाहिलं, मग दाराकडे पाहिलं, आणि कपाळावर हात मारला. "दार बदललंय, साहेब. गाडी कधीतरी ठोकलेली दिसते. भंगारातल्या दुसऱ्या गाडीचं दार आणून बसवलंय."

"म्हणजे ती..."

"आपण दाराचा क्लच शोधत होतो."

सॉर्टर पालथ्या कुंडीवर बसले. ती बाई या गाडीत कधी बसलीच नव्हती. सवत गेल्याचा आनंद बायकोला व्हायला हवा होता, पण नवऱ्याचं तोंड पाहून तिलाच कसंसं झालं.

"दार तरी तिचंच आहे ना," ती म्हणाली. "चला, आता हे वाचा."

सॉर्टरनी पडेल आवाजात वाचलं. "क्लच सगळ्यात लहान. रंग मातकट, कारखाना देईल तो. पुढे शून्य, म्हणजे नको. हीटर नको. जादा दिवे नको. पायरी नको. रेडिओ नको. दुसरा आरसाही नको." त्यांनी अर्ध्यातच पुस्तक मिटलं. "रुक्ष माणूस असणार कोणीतरी."

लहान प्लेट मिस्त्रीच्याच दुकानात खिळ्याला टांगलेली निघाली. शनिवारी संध्याकाळी ट्रक चालू झाला.

रविवारी सकाळी रोपं मागे उभी रचून दोघं निघाले. रस्ता मोकळा होता, ऊन अजून कोवळं होतं. सॉर्टर एकाग्रतेने चालवत होते. रात्रभर ते स्वतःला बजावत होते, आज फक्त रस्ता बघायचा. बायको शेजारी बसली होती आणि तिच्या मांडीवर कोडबुक उघडं होतं.

"पाटीवरचा शेवटचा कोड तुम्ही वाचलाच नाही," ती म्हणाली.

"काय वाचायचं? नकोच असणार."

"शून्य नव्हतं तिथे." ती बोटाने ओळी धुंडाळत होती. "सापडलं. बाजूची सीट. म्हणजे ती वेगळी मागवावी लागायची?"

"मालाचीच गाडी ती. ड्रायव्हरपुरती एकच सीट असायची."

बायकोने पुस्तक मिटलं. फाटक्या रेक्झिनवरून ती हात फिरवत राहिली.

"थंडीत हीटर नको म्हणाला. गाणं नको म्हणाला. स्वतःसाठी काही म्हणजे काही घेतलं नाही हो त्याने," ती म्हणाली. "आणि या सीटला तेवढं हो म्हणाला. कोण बसायचं असेल इथे?"

सॉर्टरनी रस्त्यावरची नजर काढून तिच्याकडे पाहिलं. सीटला डोकं टेकून, डोळे मिटून ती बसली होती. इस्पितळाचं फाटक आलं. फाटकातला माळी दोन्ही हात हलवत राहिला आणि मागे मागे जात दिसेनासा झाला.

"अगं, इस्पितळ मागे राहिलं," ते हळूच म्हणाले.

"पुढून वळवा," ती डोळे न उघडता म्हणाली. "आणि सावकाश. धुकं आहे."