राहिलेला कोपरा

तीन वर्षांनी बायको पुन्हा कामावर निघाली, तेव्हा भिंगरीच्या बाबाने छाती पुढे काढून सांगितलं, "तू निर्धास्त जा. या घरात आता पडायला जागा आहे, लागायला नाही."

तो थापा मारत नव्हता. गडी सोफे शिवणारा. आठवडाभर खपून त्याने टेबल, पलंग, खिडकीचा कट्टा, एवढंच काय, केराच्या डब्यालासुद्धा स्पंज चिकटवला होता. लेक सदा धडपडते, तिचे इवलेसे दात नुकतेच सगळे आलेत, त्यांना धक्का लागू नये एवढंच त्याचं म्हणणं.

"दात सांभाळ रे तिचे," दारातून बायको म्हणाली. तिचा पाय निघत नव्हता.

अकराच्या सुमारास टेबलाचा स्पंज सुटलेला दिसला. चिकटवायला बाबा ओणवा झाला आणि खाली लपलेली भिंगरी "भो" करून उठली. तिचं डोकं त्याच्या हनुवटीवर आदळलं आणि ती तोंडावर आपटली. ओठातून रक्त, आणि फरशीवर एक पांढराशुभ्र दात.

बाबाचं धाबं दणाणलं. पडलेला दात दुधात ठेवावा, असं त्याने कुठेतरी ऐकलं होतं. दात दुधाच्या डबीत टाकून, लेकीला कडेवर घेऊन तो धावत सुटला. एरवी दूध पाहून तोंड फिरवणारी भिंगरी आता त्याच दुधासाठी हटून बसली.

"त्यात दात आहे, राणी."

"मला दातवालंच हवं."

दवाखान्यात तिने असा टाहो फोडला, की 'किती दुखत असेल पोरीला' म्हणत लोकांनी त्यांना पुढे सोडलं.

"बसवता येईल ना?" बाबाने विचारलं.

"दुधाचा दात परत बसवत नाहीत. आतल्या पक्क्या दाताला इजा होते," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

बाबाचे डोळे भरून आले. "आज पहिलाच दिवस हो. हिच्या आईला काय तोंड दाखवू?"

"थांबा." बाईंनी भिंगरीच्या तोंडातले दात एकेक करून मोजले. "हिचे सगळे दात जागेवर आहेत. पुढचा जरा हलतोय, तो बहुतेक होईल घट्ट. आठवडाभर मऊ जेवण द्या, मऊ ब्रशने दात घासा आणि पुन्हा दाखवायला आणा." मग त्यांनी डबीत डोकावून पाहिलं. "तुम्ही जरा हसून दाखवा बघू."

बाबाने जीभ फिरवली. गेल्या वर्षी बसवलेला पुढचा नकली दात गायब होता.

"हा मात्र बसेल," बाई म्हणाल्या. "उद्या या."

संध्याकाळी बायकोने चप्पल काढायच्या आधी लेकीचं तोंड उघडून पाहिलं. ओठ सुजलेला, पण दात सगळे. तिचा जीव भांड्यात पडला. मग तिने नवऱ्याकडे पाहिलं. तो तोंड घट्ट मिटून उभा होता, आणि त्याच्या हनुवटीवर चिकटपट्टीने आडवातिडवा डकवलेला स्पंजाचा तुकडा होता.

"हे काय आता?"

"हा कोपरा राहिला होता," भिंगरी म्हणाली. "मी लावला."

बायको हसायला लागली. बाबाने बराच वेळ दम धरला, पण तोंड मिटून हसणं काही त्याला जमलं नाही.