पिंपभर पुण्य

द्राक्षाच्या रसाबद्दल मला कुणी काही शिकवायला येऊ नये! हे मी गर्वाने म्हणत नाही. गर्व टाळायचा माझा नेम सोमवारचा आहे, आणि हे मी गुरुवारी लिहिते आहे.

ओहायोतल्या आमच्या चर्चमध्ये प्रभुभोजनाचा रस गेली एकतीस वर्षं मी करते. आम्ही मेथॉडिस्ट. आमच्यात प्रभुभोजनाला वाईन चालत नाही, न आंबलेला रस लागतो. आणि द्राक्षाचा स्वभाव असा, की तुम्ही जरा पाठ फिरवली की ते आंबलंच! पण एकतीस वर्षांत माझी एकही बाटली फसफसलेली नाही. रस काढायचा, उकळायचा, गाळायचा, गरम असतानाच भरायचा. फेस दिसला रे दिसला, की शेगडी पेटवायची. संपलं!

अशा बाईने सुट्टीला जाऊ नये अशी जगात एकच जागा असेल. माझा नवरा वेंडेल आणि मी नेमके तिथेच गेलो.

ग्लेन आणि मार्लिस वीस वर्षं चर्चमध्ये आमच्या पुढच्या बाकावर बसायची. ग्लेन निवृत्त झाला आणि दोघांनी कॅलिफोर्नियात, सोनोमाच्या बाजूला, डोंगराच्या उतारावर तुकडाभर जमीन घेऊन द्राक्षं लावली. दारूला शिवणार नाही अशी शपथ आम्ही चौघांनी लहानपणी घेतलेली. ग्लेनची शपथ तिकडच्या उन्हात सुकली म्हणायची. "अर्डिथ, जेवताना एक पेला घेतो मी आताशा," असं तो फोनवर म्हणाला तेव्हा मी एक शब्द बोलले नाही. प्रार्थनेच्या यादीत त्याचं नाव फक्त चार ओळी वर घेतलं.

सप्टेंबरात त्याचं पत्र आलं. "पहिलं पीक हाताशी आलंय. या दोघं. तुझ्या चर्चसाठी रस वेगळा काढून ठेवतो."

आता याला नाही कसं म्हणणार?

पहिले दोन दिवस त्यांनी आम्हांला वाईनरी दाखवल्या. एकामागून एक, सात! प्रत्येक ठिकाणी एक गोड मुलगी पेल्यात बोटभर वाईन ओतायची आणि सांगायची, "यात तुम्हांला जुनं चामडं जाणवेल, थोडा तंबाखू, आणि शेवटी ओला दगड."

"बाळा, मग द्राक्षं कुठे गेली?" मी विचारलं. मनापासून विचारलं होतं. आमच्या रसाला द्राक्षाची चव असते आणि आजवर कुणी तक्रार केलेली नाही.

मी पाणी आणि खारी बिस्किटं यांवर भागवलं. वेंडेलचं निराळंच! त्याने शपथेतून पळवाट काढली. "शपथ पिण्याची आहे. वासाची नाही." आणि शिकारी कुत्र्यासारखं नाक पेल्यात घालून तो प्रत्येक वाईन हुंगत सुटला. पाचव्या वाईनरीत तर त्याच्या नाकाचा शेंडा लाल झाला होता!

ग्लेनचं मात्र कुठेच लक्ष नव्हतं. दर तासाला म्हणायचा, "चला रे घरी, पोर एकटं आहे."

पोर म्हणजे त्याची वाईन. आम्ही पोचायच्या आदल्या दिवशी त्याने द्राक्षं तोडून, चिरडून ठेवली होती. त्यांच्या रस्त्यावर एक रीत आहे. तोडणी संपली की शनिवारी सगळी घरं एकत्र जेवतात आणि प्रत्येक जण आपल्या घरच्या नव्या, अजून गढूळ असलेल्या वाईनची सुरई आणतो. मग शेजारचे ओरेस्ते, वय वर्षं अठ्ठ्याऐंशी, सगळ्या चाखतात आणि यंदा कुणाच्या घरी वाईन झाली ते सांगतात. ग्लेन दोन वर्षं या जेवणाला मोकळ्या हातांनी गेला होता. आणि त्याने वेली लावल्या तेव्हा कुंपणावरून ओरेस्ते म्हणाले होते, "या उतारावर हरणांचा चारा होईल. वाईन नाही."

"शनिवारी बघू या कोण काय चरतं!" ग्लेन मला म्हणाला. एवढा मऊ माणूस, पण डोळे नुसते चमकत होते.

आता माझा नेम सांगायला हवा, नाहीतर पुढचं कळायचं नाही. रोज कुणाचं तरी एक काम मी न सांगता करते, आणि केल्यावर त्याची वाच्यता करत नाही. घरी हे सोपं आहे. पण मार्लिसच्या घरी! मी ताट उचललं की तिने हिसकावलं. मी झाडू घेतला की तिने तो लपवला. "अगं, तू पाहुणी ना? बस बघू!" दोन दिवस सबंध कोरडे गेले. बुधवारी सकाळी माझ्या डोक्यावर दोन उपकार चढलेले होते आणि तिसरा दारात उभा होता.

बुधवारी मार्लिसचे डोळे तपासायचे होते, म्हणून ती दोघं सकाळीच सांता रोझाला निघाली. गाडीची काच खाली करून ग्लेन ओरडला, "अर्डिथ, तुझा रस गॅरेजमध्ये आहे हं! जाताना विसरू नकोस!"

साडेदहाला माझा बायबलचा रोजचा अध्याय वाचून झाला. वेंडेल ओरेस्तेंचा जुना ट्रॅक्टर बघायला गेला होता. म्हटलं, आपला रस तरी बघून यावं. गॅरेजमध्ये एक निळं पिंप होतं. वर धुतलेली चादर बांधलेली. मी चादर उचलली.

अरे देवा!

फेस! चोथ्याचा वीतभर थर वर आलेला, खालून बुडबुडे, बारीक माश्या, आणि फुसफुस असा आवाज, जणू पिंपात कुणी दबक्या आवाजात भांडत होतं! बिचारा ग्लेन! वाईनच्या नादात माझ्या रसाकडे बघायलाही त्याला वेळ मिळाला नव्हता. आणि हे त्याला कळलं तर किती ओशाळेल तो! माझ्या मनात आलं, देवाने तीन दिवसांचं काम एका पिंपात भरून पाठवलं आहे.

मी बाह्या वर केल्या.

मार्लिसची मुरांब्याची दोन मोठी पातेली, सुपाचं एक, भाजणीचं एक, आणि अंगणात टर्की तळायची गॅसची शेगडी असते ती. पाच ठिकाणी जाळ केला! रस गाळला, चोथा कोंबड्यांना घातला. कोंबड्या अशा तुटून पडल्या, की मला समाधान वाटलं. नंतर त्यातली एक एका पायावर उभी राहून कुंपणाच्या खांबाकडे टक लावून बघत होती आणि दोघी एकमेकींना टेकून बसल्या होत्या. मला वाटलं, कॅलिफोर्नियातल्या कोंबड्या. इथे सगळंच जरा निवांत.

बाटल्या पुरेनात. म्हणून मी रस आटवत गेले. पिंप घासलं, उन्हात उपडं घातलं. ओटा जांभळा, भिंत जांभळी, मी कोपरापर्यंत जांभळी. पण मन कसं हलकं!

दोन वाजता वेंडेल आला. तो आधी गॅरेजमध्ये गेला. मग स्वयंपाकघराच्या दारात.

"अर्डिथ, पिंप कुठंय?"

"उन्हात. धुतलंय."

"त्यात होतं ते?"

"ते मला सांगता येत नाही."

"का?"

"नेम आहे."

बेचाळीस वर्षं संसार केलेल्या माणसाने आधी माझ्याकडे पाहिलं. मग चार पातेल्यांकडे. मग खिडकीतून बाहेरच्या पाचव्याकडे.

"अर्डिथ," तो फार हळू बोलला, "मी दोनचा चोथा दाबायला आलोय. ग्लेनने सांगितलं होतं. दहाला, दोनला, सहाला चोथा खाली दाब, बाकी कशाला हात लावू नकोस. वाईन होती ती."

"माझा रस होता! ग्लेन म्हणाला, गॅरेजमध्ये आहे."

"वाईन होती, अर्डिथ. ग्लेनची. शनिवारची."

माझ्या हातातला झारा आपोआप खाली गेला. तीन वर्षं त्या माणसाने वेलींना पाणी घातलं, हरणं हाकलली, आणि मी अवघ्या साडेतीन तासांत ते सगळं उकळून ठेवलं!

"पाव करायचं यीस्ट असेल," वेंडेल म्हणाला. "परत पिंपात ओतू, यीस्ट टाकू, ढवळू. चारपर्यंत फसफसेल की!"

यीस्टची पुडी फडताळात सापडली. मी ती हातात धरून उभी राहिले. मी बाराव्या वर्षी शपथ घेतली होती ती पिणार नाही, पाजणार नाही आणि करणार नाही अशी. एका बाजूला शपथ, दुसऱ्या बाजूला ग्लेन. सांगायला लाज वाटते, पण मी पुडी फाडली.

"ते टाकलंत तर मी शेरीफला बोलावीन!"

दारात ओरेस्ते. वेंडेलच्या मागोमाग आले होते. वासावर. त्यांनी पातेली पाहिली आणि मयताला आल्यासारखी टोपी काढली.

"यातली त्याची कुठली?"

"सगळीच," मी म्हटलं.

ते पुढे झाले. झाऱ्याला लागलेलं बोटाने पुसून चाटलं. डोळे मिटून ओट्याचा आधार घेतला. मला वाटलं, म्हातारा इथेच पडतो की काय!

"अजून आटवा, बाई," ते म्हणाले. "चमच्यावरून ओघळता कामा नये." आणि टोपी घालून निघून गेले.

दुसरं काय करणार? मी आटवत राहिले.

चार वाजता ग्लेनची गाडी आली. नेम मोडला तरी चालेल, पण हे मीच सांगायचं असं ठरवून मी अंगणात गेले. माझे हात पाहून मार्लिस किंचाळली, "अगं बाई, लागलं का तुला?"

"मला नाही," मी म्हटलं. "ग्लेन, तुझी वाईन मी उकळली. माझा रस समजून."

ग्लेन उपड्या पिंपावर जाऊन बसला. त्याच्या पायाशी एक कोंबडी आली आणि आडवी झाली.

"सगळी?" त्याने विचारलं.

"सगळी. पण गाळून." का कोण जाणे, मला वाटलं याने त्याला बरं वाटेल.

मग तो उठला, गॅरेजमध्ये गेला आणि कोपऱ्यातल्या मोठ्या फ्रीझरचं झाकण उघडलं. आत रसाच्या बारा बरण्या, गोठवलेल्या, ओळीने. प्रत्येकीवर त्याच्या हातची चिठ्ठी, "अर्डिथ, चर्चसाठी."

त्याने मला शिव्या घातल्या असत्या तर परवडलं असतं!

"आपण शनिवारी जायचं नाही," मार्लिस म्हणाली.

"जायचं," ग्लेन म्हणाला. "मोकळ्या हातांनी जायची मला सवय आहे."

पण मोकळ्या हातांनी त्याला जाऊ दिलं नाही ते ओरेस्तेंनी. शनिवारी सकाळीच त्यांचा निरोप आला, "त्या बाईने आटवलंय ते आणायचं." ग्लेनने बरणी धरली होती ती अशी, की आत कुणाच्या तरी अस्थी असाव्यात. टेबलावर सात घरांच्या सात सुरया. ओरेस्तेंनी एकेक चाखली. "हं." "हं." "याला अजून अक्कल यायची आहे." मग त्यांच्या सुनेने मक्याच्या पिठाचा वाफाळता पोलेंटा आणला. त्यांनी आपल्या ताटात घेतला, वर ग्लेनच्या बरणीतला काळाभोर पाक ओतला आणि खाऊ लागले. सगळं टेबल त्यांच्या चमच्याकडे बघत होतं. त्यांनी दुसऱ्यांदा घेतलं. तिसऱ्यांदा घेतलं!

"माझी आई करायची हे," ते शेवटी म्हणाले. "ती गेल्यापासून खाल्लं नव्हतं. यंदाचं सगळ्यांत चांगलं ग्लेनच्या घरचं."

टाळ्या! पाठीवर थापा! ग्लेनचा चेहरा उजळला, पण पुरता नाही.

"ओरेस्ते, पण ती वाईन होती."

"ठाऊक आहे. सोमवारी तुमची गाडी गेल्यावर मी येऊन चादर उचलून पाहिली होती."

"मग? कशी होती?"

ओरेस्तेंनी ताट पुसून घेतलं. "बाईंचे आभार मान," ते म्हणाले.

नाताळात मार्लिसचं पत्र आलं. सातही घरांनी पुढच्या वर्षासाठी पाक सांगून ठेवला आहे. आता रस्त्यावर सगळे ग्लेनला पाकवाला म्हणतात, आणि अर्धं पीक तरी उकळावं लागणार अशी चिन्हं आहेत. खाली ग्लेनने स्वतःच्या हाताने लिहिलं होतं, "अर्डिथ, वेंडेल, हे घर तुमचंच आहे. केव्हाही या. फेब्रुवारीत या. तेव्हा वेलींना पानसुद्धा नसतं."

आम्ही तिकिटं काढली आहेत. फेब्रुवारीत मार्लिसच्या दारची लिंबं पिकतात, असं वेंडेल काल सहज म्हणाला. मी ऐकलं नाही असं दाखवलं.