सारजाबाईंचं भजन

सारजाबाईंनी मिक्सरला कुंकू लावलं, कुकरला लावलं, इस्त्रीला लावलं आणि खुर्चीत पेपर वाचत बसलेल्या नवऱ्याकडे वळल्या.

"ए, मला नको हां!" बद्रीनाथ ओरडले. "पडेगावात माझी काही इज्जत हाय."

"तुमी बी नामच हाव. गप बसा." आणि कपाळावर ठसठशीत बोट उमटलं.

बाईंना काही झालं-बिलं नव्हतं हो! दोन महिन्यांपासून त्या दर शनिवारी उस्मानपुऱ्यात इंग्रजीच्या क्लासला जात होत्या. गल्लीला मात्र सांगितलं होतं, भजनाला जाते. साठीची बाई एबीसीडी गिरवते म्हटल्यावर गल्ली हसून लोळली असती, आणि सारजाबाईंना बाकी सगळं सोसवायचं, कुणी हसलेलं नाही.

क्लासात घोडं अडलं होतं ते नाम आणि क्रियापदावर. 'ब्रश' म्हणजे दात घासायचा ब्रशही आणि दात घासणंही. 'आयर्न' म्हणजे इस्त्रीही आणि इस्त्री करणंही. काय म्हणावं या इंग्रजांना! शेवटी बाईंनी स्वतःचा नियम काढला. ज्याला कुंकू लावता येतं ते नाम, जे करताना घाम येतो ते क्रियापद.

त्याच भरात त्या करंडा घेऊन अंगणात आल्या आणि तिथल्या स्कूटरलाही बोट टेकवून मोकळ्या झाल्या. स्कूटर होती शेजारच्या सर्जेरावाची. कालच घेतलेली, त्याच्या दारात जागा नाही म्हणून इथं लावलेली. पहिलं कुंकू आईच्याच हातचं, असा हट्ट धरून त्यानं देवगाव रंगारीहून गोजरबाईंना बोलावलं होतं.

समोरच्या साळूबाईंनी ते कुंकू पाहिलं. मग काय विचारता! गोजरबाईंची रिक्षा वळणावर येते न येते तोच साळूबाई म्हणाल्या, "लई उशीर केला मावशी. पूजा झाली बी."

मांडीवरचा नारळ गोजरबाईंनी घट्ट धरला. कारभारी गेल्यापासून पंचवीस वर्षं त्यांना कुठल्या हळदीकुंकवात कुणी पुढं बोलावलं नव्हतं. लेकानं बोलावलं म्हणून नवं लुगडं नेसून आल्या होत्या.

"रिक्षा फिरव बाबा," त्या म्हणाल्या आणि धावत आलेल्या लेकाकडे वळल्या. "माझ्या मोकळ्या कपाळाची लाज वाटत व्हती, तर बोलावलं कशाला रं सर्जेराव?"

"आई, तुझी आन! म्या बोटबी नाय लावलं!"

"मंग कुंकू आपोआप उगवलं व्हय?"

गल्ली गोळा झाली. बद्रीनाथ बायकोच्या कानाशी कुजबुजले, "चल आत. कुनी लावलं म्हाईत नाय म्हन." सारजाबाईंपुढं पेच पडला. खरं सांगावं तर भजन उघडं पडणार, न सांगावं तर म्हातारी रडत माघारी जाणार. त्या पुढं झाल्या.

"म्या लावलं. पूजा नाय केली मावशी, अभ्यास केला! म्या भजनाला जात नाय. इंग्रजी शिकायला जाते."

साळूबाई फिसकन हसल्या.

"हास! तू हसायलीस, ते क्रियापद," सारजाबाई कडाडल्या आणि त्यांनी आपला नियम सगळ्या गल्लीला समजावून सांगितला.

गोजरबाई रिक्षातून उतरल्या. "म्हंजी गाडी नाम?"

"व्हय."

"आन ह्ये तुझे मालक?"

बद्रीनाथांनी घाईघाईनं कपाळावर हात ठेवला. "ते बी नाम," सारजाबाई म्हणाल्या.

गोजरबाई हळूच म्हणाल्या, "आन म्या गं?"

सारजाबाईंनी करंड्यात बोट बुडवलं आणि सरळ गोजरबाईंच्या कपाळावर टेकवलं. "तुमी तर पयलं नाम, मावशी."

गोजरबाईंनी पदरानं डोळे पुसले, कपाळ नाही. मग त्याच करंड्यात अख्खा अंगठा बुडवून लेकाच्या गाडीला असं कुंकू लावलं, की आधीचं बोट त्याखाली दिसेनासं झालं. सर्जेरावानं नारळ फोडला तेव्हा सारजाबाईंची मान गल्लीत सगळ्यात ताठ होती.

शनिवारी त्या निघाल्या त्या मोठ्यानं सांगतच, "चालले गं बायांनो, इंग्रजीला!"

वळणावर मागून धापा टाकत साळूबाई आल्या. "थांब की, म्या बी येते. आमच्या ह्यांना सांगितलंय, भजनाला चालले."